गळ्याशप्पथ

साचेकाकांवर मी अजून चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे माझा सूर मऊ लागला तर कुणाचा गैरसमज व्हायला नको. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले, पण तेसुद्धा चिडूनच. माणसाने असं वागायचं आणि वर निघून जायचं म्हणजे काय! भांडायला तरी शिल्लक राहायचं होतं.

त्यांचं नाव वामन म्हात्रे. पण पेणला आमच्या आळीत वामन म्हात्रे कुठे राहतात असं विचारलंत तर कुणाला सांगता आलं नसतं. साचेकाका म्हटलं की पोस्टमनपासून कोळणीपर्यंत सगळे घर दाखवायचे. गणपतीच्या कारखान्यात त्यांनी सारा जन्म साचे काढले. कारखान्यात नाव असतं ते डोळे आखणाऱ्याचं. गिऱ्हाईक येतं, मूर्तीच्या डोळ्यांत बघतं आणि "काय आखणी आहे हो!" म्हणतं. साचा कुणी काढला, हे आजवर कुणी विचारलं असेल तर शपथ. काकांना त्याचं काही नव्हतं. "डोले कोनपन काढील गो," म्हणायचे, "आदी मूर्ती उबी तर ऱ्हायला पायजे."

हे त्यांचं पालुपद. उबं ऱ्हायलं पायजे. आमच्या गेटचा खांब कलला, तर सकाळी उठून बघते तो काका दगडाची पाचर ठोकतायत. कुणी बोलावलं नव्हतं. भिंतीला टेकवलेला केरसुणीचा दांडा घसरून पडला तरी त्यांना चैन पडायचं नाही. बोलता बोलता उठायचे, तो नीट उभा करायचे, आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करायचे. दुसरी सवय टिचकीची. समोर येईल त्या वस्तूला नखाने टिचकी मारायची आणि कान तिरका करून ऐकायचं. नारळ, मडकं, माठ ठीक आहे, पण एकदा डॉक्टरांच्या टेबलाला टिचकी मारून "आतून पोकल हाय" असं त्यांच्या तोंडावर सांगून आले. आणि तिसरी एक सवय होती, तिचं मला फार कौतुक होतं. कुणाकडून आलेलं भांडं ते कधी तसंच परत करायचे नाहीत. शेवटचा घास संपला की उठून नळाखाली स्वतः घासायचे, धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि मगच हातात द्यायचे.

कारखान्यातली एक गोष्ट ते चारचौघांत रंगवून सांगायचे. नागोठण्याच्या कुठल्याशा मंडळाची मोठी मूर्ती टेम्पोत चढवताना तिचा वरचा हात खांद्यापाशी सुटला. दुसरी मूर्ती द्यायला वेळ नव्हता. काका टेम्पोत चढले, देवाचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि खड्ड्याखड्ड्यांतून नागोठण्यापर्यंत तसेच उभे राहिले. मंडपात पडदा लावून घेतला, प्लास्टर कालवलं, त्यात नारळाचा काथ्या भिजवला आणि सांधा भरून टाकला. आत काथ्या असला की प्लास्टर धरून राहतं, तडकत नाही. पेणमध्ये हे शेंबडं पोरही जाणतं. मंडळवाल्यांना शेवटपर्यंत पत्ता नाही. मी विचारलं होतं, "पण काका, त्यांना सांगायचं तरी!" तर म्हणाले, "सांगायचं कशाला? हात उबा हाय ना? आतलं कोन बगतो?" आम्ही सगळे हसलो. मी तर सर्वांत जास्त हसले. तेव्हाच कान टवकारायला हवे होते, पण कसचं काय!

आता माझ्या केकचं सांगते, कारण काका माझ्या आयुष्यात शिरले ते केकच्या वाटेनेच.

मी घरी केक करते. आळीतल्या वाढदिवसांचे, शाळेतल्या बाईंच्या निरोपाचे, असले. माझं माहेर रोह्याचं. माझे बाबा धाटावला कंपनीत होते आणि सगळ्या रोह्यात पोपटी लावावी ती त्यांनीच. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की बाबांना दम निघायचा नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा, त्या उग्र वासाच्या रानझुडपाचा, पाला घालायचा, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. झाली की नाही हे बघायची बाबांची रीत ठरलेली. हातात पाणी घ्यायचं आणि उपड्या मडक्याच्या पोटावर शिंपडायचं. चुर्र वाजून पाणी उडालं की ओरडायचे, "आली गो आली!"

बाबांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं अर्धं राहिलं. गिळायला त्रास. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मऊ आणि ओलं तेवढंच द्यायचं, लहान घास, भरवणाऱ्याने घाई करायची नाही. पोपटी संपली. त्यांची पंच्याहत्तरी आली ती नेमकी शेंगांच्या दिवसांत. मी गेले होते तेव्हा डाव्या हाताने त्यांनी हवेत पाणी शिंपडल्यासारखं केलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मला पुढे बघवेना. त्याच दिवशी मी ठरवलं की बाबांना पोपटी खायला घालायची. केकची. उपडं मडकं, आत माव्याच्या शेंगा, भांबुर्ड्याचा वास, आणि सगळं इतकं मऊ की जिभेवर विरघळावं.

ठरवायला काय जातंय! उपडं मडकं म्हणजे खाली अरुंद तोंड आणि वर भलंमोठं पोट, तेही आतून पोकळ. पहिला केक पाच मिनिटं टिकला. दुसरा मी वळले तेवढ्यात बसला. तिसरा भिंतीपलीकडे कावळ्यांना टाकायला गेले तर शेजारच्या अंगणात काका कठड्याला टेकून उभे.

"काय गो वैशू, पडला व्हय?"

"पडला."

त्यांनी ताटलीत बोट घातलं, तुकडा दाबून बघितला, टिचकी मारायला गेले पण स्पंजला कसली टिचकी वाजते. "ह्याच्या पोटात जीव नाय," म्हणाले. "उताना ठेव ना. तोंड वर केलं की झाला उबा."

"उताणं ठेवलं तर ते पाण्याचं मडकं झालं, काका. पोपटी उपडीच हवी."

काका मग धोतर खोचत म्हणाले, "मग दोन फाकांचा साचा करू. अर्दं अर्दं मडकं, मंग जोड."

असं ते सुरू झालं. ह्यांची डोलवीच्या कंपनीत शिफ्ट असायची, घरी मी एकटीच. रोज सकाळी दहाच्या सुमाराला काका मागच्या दाराने यायचे. ओवन, सोडा, क्रीम, सगळ्याला त्यांच्याकडे कारखान्यातलीच नावं. पीठ कालवलं की "गिलावा पातल हाय", क्रीम फिरवलं की "हा पोलिस", म्हणजे पॉलिश. एकदा मला न विचारता त्यांनी खऱ्याच मडक्यात पीठ ओतून ते ओवनमध्ये घातलं. केक झाला झकास, पण बाहेर येईना. शेवटी मडकं फोडलं, तर केक खापरांना चिकटून बसलेला. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून खापरांवरचा केक चमच्याने खरवडून खाल्ला. भांबुर्ड्याचा पाला दुधात उकळला तर पहिल्यांदा काढा झाला. काकांनीच नाक लावून लावून माप काढलं: चार पानं, दूध उतरवल्यावर टाकायची, शंभर मोजायचे, काढायची. तो वास आला आणि माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, त्या वासाचं सगळं श्रेय त्यांचंच.

पण उभा काही राहत नव्हता. आठवा की नववा केक असेल. मी भाजी आणायला गेले होते. परत आले तर टेबलावर उपडं मडकं, ताठ. हलवलं तरी ढिम्म. काका शेजारी स्टुलावर बसून बशीतला चहा भुरकत होते, चेहरा असा की जणू काही झालंच नाही. मी टाळ्या पिटल्या, सुरी घेतली, तुकडा तोंडात घातला आणि दाताखाली काहीतरी आलं. ओढलं तर येतंय आपलं येतंय. वीतभर काथ्या! चॉकलेटात भिजवून, आतून पोटाला लिंपलेला, जसा प्लास्टरमध्ये लिंपतात तसा.

मी हसून हसून खाली बसले. काकाही हसायला लागले, त्यांचा चहा सांडला. पण हसणं ओसरल्यावर मी त्यांना समोर बसवलं आणि बाबांचं सगळं सांगितलं. गिळता येत नाही. भाताचं शीत आडवं गेलं तरी जीव घाबरा होतो. आम्ही डाळसुद्धा गाळून देतो. काका ऐकत राहिले. त्यांच्या तळहाताच्या रेषांत इतक्या वर्षांचं पांढरं प्लास्टर बसलेलं होतं, ते दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडत होते.

"आता परत काथ्याचं नाव काढायचं नाही. शपथ घ्या."

काकांनी स्वतःच्या गळ्याची चिमूट धरली. "गल्याशप्पथ गो. नाय घालनार."

मी विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? वडिलांच्या वयाचा माणूस.

पंच्याहत्तरीच्या दिवशी सकाळी काका उजाडताच आले. त्यांना आम्ही रोह्याला घेऊन जाणार होतो. आदल्या दिवशी त्यांनी सदरा इस्त्री करून घेतला होता, तो भिंतीवरून मला दाखवलाही होता. दोन फाका तयार होत्या, फक्त जोडायच्या होत्या. "तू आंगोल करून घे," म्हणाले, "जोड मी मारतो." मी अंघोळ केली, साडी नेसले, बाहेर आले. मडकं उभं होतं. उपडं, गोल, काळपट तांबूस, बुडाशी चॉकलेटचा पेंढा. मी टेबल हलवून बघितलं. डुललं, पण पडलं नाही.

"काका! कसं केलंत?"

"जमला," म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडले. भरजरी साडीत, ओल्या केसांनी वाकून पाया पडले. ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आशीर्वादाला हात वर आला नाही. ते वळले आणि नळाखाली वाट्या घासायला लागले. गाडीत बसायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, "माजं काय काम तिथं? तुमी जा." मी आग्रह केला, हात धरला. नाहीच आले. इस्त्रीचा सदरा अंगात होता तरी नाही आले. मला वाटलं, लाजतायत.

रोह्याला भावाच्या घरी सगळा गोतावळा जमला होता. केक टेबलावर ठेवला आणि खोलीभर भांबुर्ड्याचा वास सुटला. बाबांची खुर्ची पुढे आणली. त्यांनी मडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वहिनीने वाटीत पाणी दिलं. बाबांनी डाव्या हाताची बोटं बुडवली आणि मडक्याच्या पोटावर पाणी शिंपडलं. मी तोंडाने "चुर्र" केलं. बाबांच्या वाकड्या ओठांतून शब्द आला, "आली." भाऊ माझा, कधी डोळ्यांत टिपूस न येणारा, तोही तोंड फिरवून उभा राहिला.

मी मडकं फोडलं. पोटाखालचा, जोडाजवळचा तुकडा दुधात कालवला आणि बाबांना भरवला. पहिला घास गेला. बाबांनी डोळे मिटले. दुसरा घास दिला आणि ते खोकले. मग खोकला थांबला, आणि थांबला तेच वाईट. तोंड निळं पडत चाललं, डावा हात नुसता हवा पकडत होता. भावाने त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर मारलं, वहिनीने तोंडात बोटं घातली आणि काहीतरी ओढून काढलं. "केस हाय का काय?" ती म्हणाली. तिच्या बोटांना तपकिरी धागा लोंबत होता. बारीक होता. कुणीतरी विंचरून विंचरून केसाइतका बारीक केलेला.

मला तो काथ्या ओळखू आला. सगळ्या खोलीत फक्त मलाच.

बाबा वाचले. दोन दिवस दवाखान्यात काढून घरी आले. पण त्यानंतर माझ्या हातचा घास काही त्यांनी घेतला नाही. भावाच्या हातचं खात, वहिनीच्या हातचं खात, शेजारच्या बाईंनी भरवलं तरी आ करत. मी चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचे. रागाने नाही हो. राग असता तर मी समजूत काढली असती. ते घाबरायचे मला. माझा बाप मला घाबरायचा.

पेणला परत आले ती तडक काकांच्या दारात. ते ओटीवर बसले होते. मला बघून उठले आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"उबा ऱ्हायला ना?"

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आळी गोळा झाली होती, एवढं आठवतं. मी म्हणाले, तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला सांगितलं होतं मी, समोर बसवून. तुम्ही गळ्याशप्पथ घेतली होतीत! ते खाली बघून म्हणाले, "सकालच्याला बसायला लागला गो. तू न्हानीत. खालच्या जोडालाच घातला. म्हटलं तू वरून कापशील... पडला असता तर तुजी किती फजिती झाली असती."

"पडू द्यायचा होता!" मी ओरडले. "पडू द्यायचा होता, काका!"

त्यांना ते कळलंच नाही. चेहऱ्यावरून दिसत होतं की कळलं नाही. मी कुठल्या परक्या भाषेत बोलतेय असं बघत राहिले. मग बोलणं बंद झालं. भिंतीपाशी कपडे वाळत घालताना मी पाठ करून उभी राहायची. आमच्या गेटचा खांब पुन्हा कलला आणि कललेलाच राहिला. ह्यांनी दोनदा म्हटलं, म्हातारा माणूस आहे, सोड आता. मी म्हटलं, चोर असता तर सोडलं असतं. ज्याला घरात घेतलं, ज्याच्या पाया पडले, त्याला कसं सोडू?

शिमग्याच्या आधी एका सकाळी दहाला मागच्या दाराशी खोकल्याचा आवाज आला. काका. हातात माझाच जुना पत्र्याचा डबा, कधीतरी त्यांच्याकडे राहिलेला. आत येत नव्हते. उंबऱ्याबाहेरूनच डबा पुढे केला. मी झाकण उघडलं. आत केक होता, म्हणजे केकच म्हणायचं. मडक्याचं पोट खाली बसलेलं, एक बाजू फाटलेली, माव्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. भांबुर्ड्याचा वास मात्र तोच. घरी ओवन नव्हता त्यांच्याकडे. कुकरमध्ये वाळू घालून केला असणार, बुडाला करपल्याचा डाग होता. काकांच्या गालाला पीठ लागलेलं तसंच.

"पडला," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द स्वतःच्या कामाबद्दल मी पहिल्यांदा ऐकला. "सात केले. सगले पडले. ह्यो त्यातल्या त्यात... आत काय नाय, वैशू. बाबांना दे."

मी डबा ओट्यावर पालथा केला आणि त्यांच्या देखत केक फोडला. आधी दोन तुकडे, मग चार, मग बोटांनी कुस्करायला लागले. प्रत्येक तुकडा उजेडात धरून, दाबून, चिमटीत चोळून बघितला. शेंगासुद्धा फोडल्या. काका दारात उभे राहून बघत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. एक धागा सापडला नाही. एकसुद्धा नाही.

"झालं बगून?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. मी मान हलवली. मग ते आत आले, ओट्यावरचा रिकामा डबा उचलला, नळाखाली घासला, सोग्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. मागच्या दाराने निघाले. जाताना कललेल्या खांबापाशी थांबले, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग कोपऱ्यावरून वळले. मग भिंतीपलीकडे जाऊ की नको करत मी दिवस घालवले, चार दिवसांनी त्यांची मुलगी त्यांना उरणला घेऊन गेली, आणि दिवाळीच्या सुमारास ते गेल्याचा निरोप आला.

मी अजून चिडलेली आहे. पण त्या सकाळी ओट्यासमोर उभी असताना समोर होता तो मऊ चुरा, दुधात कालवण्याजोगा. बाबांना मी रोह्याला भरवत होते तोही चुराच होता. उपडं मडकं बाबांनी मागितलंच नव्हतं. "पोपटी उपडीच हवी" म्हणणारी मी. ते लक्षात आलं तशी मी काकांच्या मागे कोपऱ्यापर्यंत धावत गेले, तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.